आहारशास्त्र आणि आईचे ताट

(द्वितीय वर्ष, कला)

मी कला शाखेचा विद्यार्थी. आहारशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. परंतु गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आमच्याच गावी भरले आणि तेथे रक्त तपासले गेले. माझे हिमोग्लोबिन 14 भरले, आईचे 8.5. स्त्रीचे ते निदान 12 असावे, असे डॉक्टर म्हणाले. एकाच चुलीवरचे अन्न खाणाऱ्या दोघांत एवढा फरक का? या प्रश्नापायी मी ग्रंथालयात आहाराची पुस्तके चाळू लागलो.

शरीरास लागणारे अन्नघटक मुख्यत्वे सहा : कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे आणि पाणी. कर्बोदके व स्निग्ध पदार्थ प्रामुख्याने शक्ती देतात. एक ग्रॅम कर्बोदकापासून सुमारे 4 किलोकॅलरी, तर तेल-तुपापासून 9 मिळतात. प्रथिनांनी शरीराची वाढ होते व झीज भरून निघते. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. उलट डाळीत मिथिओनिन कमी, ते धान्यातून मिळते. म्हणजे भाकरी आणि वरण एकमेकांची उणीव भरून काढतात. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण ही जोडी तिने कधी मोडली नाही.

आता लोहाविषयी. रक्तातील हिमोग्लोबिन लोहावाचून तयार होत नाही, आणि त्याच्याविना शरीरभर प्राणवायू पोहोचत नाही. म्हणूनच धाप लागते, थकवा येतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 साली दिलेल्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषास रोज 19 मिलिग्रॅम लोह हवे, तर स्त्रीस 29; कारण मासिक पाळीतून तिचे रक्त जाते.

हे वाचून मी थबकलो. जास्त गरज जिची, ती आमच्या घरी सर्वांत शेवटी जेवते. तोवर पातेल्यात डाळीचे नुसते पाणी उरते. मग भाकरी, ठेचा आणि वर कपभर चहा. चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही, हेही मला तेव्हाच कळले. लिंबू, आवळा, पेरू यांतील 'क' जीवनसत्त्व मात्र त्या कामी मदत करते.

आईला हे सांगितले, तर ती हसली. "तुमची पोटं भरली की माझं भरलं," म्हणाली. शेवटी मीच हट्ट धरला की ती बसल्याशिवाय मी जेवणार नाही. वडील पहिले काही दिवस गप्प होते. मग तेही थांबू लागले. दवाखान्यातील लोहाच्या गोळ्या, वरणावर लिंबू, आणि चहा जेवणानंतर तासाभराने, असा क्रम ठेवला. तीन महिन्यांनी आकडा 10.6 वर आला. त्यात गोळ्यांचा वाटा मोठा आहे, हे मी जाणतो.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के रक्तक्षयी आढळल्या. तेव्हा मित्रहो, सुट्टीत घरी जाल तेव्हा आईच्या ताटात काय उरते, ते एकदा पाहा.