गेमची डिस्क घ्यावी की डाउनलोड?

हर्णे बंदरावरच्या लिलावात पैसे मोजले की मासळी आपली. खा, शेजारी द्या, नाहीतर पुढे विका. व्हिडिओ गेमचंही तसंच असतं का? हा प्रश्न वर्गात जरूर घ्या.

प्लेस्टेशन ५ हा टीव्हीला जोडायचा कन्सोल २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात आला. डिस्क चालणारा ४९,९९० रुपयांना, फक्त डाउनलोडवर चालणारा ३९,९९० रुपयांना.

उदाहरण : गेमची किंमत दोन्हीकडे सारखी धरू. खेळून झालेली डिस्क विकून समजा १,००० रुपये परत मिळाले, तर किती डिस्क विकल्यावर फरक भरून निघेल?
उत्तर : १०,००० ÷ १,००० = १० डिस्क.

डाउनलोडला दुकान गाठावं लागत नाही, ही सोय खरी. पण तो गेम पुढे विकता येत नाही, कारण आपण विकत घेतो ती फक्त वापरायची परवानगी. कॅलिफोर्नियात अशा विक्रीत ‘खरेदी करा’ म्हणायचं असेल, तर १ जानेवारी २०२५ पासून हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं.

मुलांनी गेम मागितला तर किमतीबरोबर हेही विचारा : खेळून झाल्यावर हा कुणाला देता येईल का?