बेसनाने गांधी उठतात, मग फल्ली का बंद?

प्रश्न : आमची मुलगी चार वर्षांची आहे. भजे, पाटोडी, अगदी कढी खाल्ली तरी अर्ध्या तासात तिच्या अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात. आमसुलाचं पाणी लावलं की उतरतं. एकदा उलट्याही झाल्या. रक्ततपासणीत चणा, फल्ली, तूर, गहू, दूध असं बरंच काही 'पॉझिटिव्ह' आलं. तेव्हापासून सासूबाईंनी फल्लीदाणे, दूध, पोळी सगळं बंद केलं. पोरगी वाळत चालली आहे. धाकटा सहा महिन्यांचा आहे, त्यालाही फल्ली द्यायची नाही का?
— एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती लॅबने दिलेली नाही, ती तुम्ही स्वतः टिपली आहे. बेसन पोटात गेलं की अर्ध्या तासात गांधी आणि ओठांना सूज, तेही दर खेपेला. अन्नाची ॲलर्जी बहुधा अशीच वागते. काही मिनिटांपासून दोन तासांत दिसते आणि तोच पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा दिसते. लहान मुलांना गांधी उठण्याचं जास्त नेहमीचं कारण खरं तर साधा विषाणूसंसर्ग असतो. सर्दी-तापाच्या दिवसांत, खाण्याशी वेळ न जुळता गांधी उठत असतील तर स्वयंपाकघराला बोल लावू नये. तुमच्याकडे मात्र संशय सरळ चण्यावर जातो.

चण्याची कुठे ॲलर्जी असते का, असं वऱ्हाडात कोणीही विचारेल. पाश्चात्त्य पुस्तकांच्या यादीत दूध, अंडं, शेंगदाणा, मासे असतात, चणा सहसा नसतो. पण मुंबईच्या डॉ. पी. व्ही. निफाडकर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये चण्याच्या ॲलर्जीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. चणा आहे की नाही हे रुग्णाला कळू न देता खाऊ घालून त्यांनी खात्री केली होती. आपल्या लेबलांच्या २०२० च्या नियमांत मात्र ॲलर्जीच्या सूचनेसाठी ग्लुटेनची धान्यं, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा, सोयाबीन वगैरे आहेत, चणा नाही. म्हणून पाकिटावर ठळक सूचना शोधू नका, घटकांची बारीक अक्षरांतली यादी वाचा.

आणि आपल्याकडे चणा पाकिटापेक्षा कढईत जास्त सापडतो. शेव, सांबारवडी, बटाटेवड्याचं आवरण, चिवड्यातलं डाळवं, सातूचं पीठ. ज्या तेलात भजे तळले त्याच तेलात समोसा तळला तर तोही तिला नको. चक्कीकडे तर कोणाचं लक्षच जात नाही. आधी कोणाची चण्याची डाळ दळली आणि मागोमाग तुमचा गहू पडला, तर पहिल्या पिठात बेसन आलंच. सकाळी पहिल्या घाण्याला दळून घ्या किंवा घरच्या चक्कीवर दळा. शिजवल्याने, तळल्याने चण्याचा हा गुण जाईल या भरवशावरही राहू नका.

आता त्या रिपोर्टाकडे. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली म्हणजे तो पदार्थ बाधतोच असं नाही. बंगळूरू-म्हैसूर भागातल्या प्रौढांच्या पाहणीत शंभरातल्या सुमारे २६ जणांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची प्रतिपिंडं निघाली, पण अन्नाची ॲलर्जी असावी असं वाटण्यासारखी जेमतेम एका जणाची स्थिती होती. डाळी, चणा, फल्ली एकाच कुळातल्या, त्यामुळे तपासणीत एकीबरोबर दुसरीही उजळते. सासूबाईंची काळजी खरी आहे, पण चार वर्षांच्या वाढत्या पोरीचं दूध-पोळी कागदावरून तोडणं मला पटत नाही. आधी जे ती बिनत्रास खात होती, ते बहुतेक परत सुरू करता येईल. मात्र घरच्या घरी प्रयोग नको. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा अमरावतीच्या पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात दाखवा. काय लगेच द्यायचं आणि काय डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर थोडं थोडं खाऊ घालून पाहायचं, ते तिथे ठरेल.

तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं : 'एकदा उलट्याही झाल्या.' गांधींबरोबर उलट्या म्हणजे त्वचा आणि पोट दोन्हीकडे एकदम परिणाम. ही मोठ्या प्रतिक्रियेची खूण असू शकते. आमसुलाच्या पाण्याने खाज शमते, त्यापलीकडे ते काही करत नाही. ॲलर्जीचं औषधही गांधींपुरतंच, श्वासाला ते वाचवत नाही. आवाज घोगरा झाला, सारखा खोकला सुटला, छातीत शिट्टी वाजू लागली, पोर एकाएकी मलूल किंवा पांढरीफटक पडली, तर उपाय एकच : ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, जितकं लवकर तितकं बरं. मात्रा वजनावर असते, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. हे औषध स्वस्त आहे. पेनासारखी तयार इंजेक्शनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून अशा मुलांच्या आईवडिलांना डॉक्टर कधी कधी ॲम्प्यूल आणि सिरिंज घरी ठेवायला देतात, भरायला आणि टोचायला शिकवतात. तुमच्या डॉक्टरांना हे आवर्जून विचारा. दमा असेल तर आणखीच.

अशा वेळी १०८ ला फोन लावा. मुलीला आडवं निजवून पाय उंच ठेवा, चालवू नका. श्वास लागला असेल तर बसू द्या. मूर्तिजापूरचं उपजिल्हा रुग्णालय जवळ असताना अकोला गाठण्याचा हट्ट नको. बरं वाटलं तरी काही तास तिथेच थांबा, कारण दुसरी लाट येऊ शकते. अंगणवाडीताईंना हे सगळं लेखी द्या. पुढे शाळेतही द्यावं लागेल, २०२४ मध्ये ठरलेल्या पोषण आहाराच्या यादीत चणा पुलाव होता.

धाकट्याचं मात्र उलटं आहे. अमेरिकेतल्या बालरोग अकादमीने २००० मध्ये जोखमीच्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा नको म्हटलं होतं. २००८ मध्ये तो सल्ला मागे पडला. २०१५ मध्ये लंडनच्या गिडिअन लॅक यांच्या चमूने ६४० बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ही चार ते अकरा महिन्यांची बाळं होती. ज्यांना शेंगदाणा नेमाने खाऊ घातला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसली. तुमच्या बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नसेल तर वरचं खाणं सुरू झाल्यावर भाजलेले फल्लीदाणे लोण्यासारखे बारीक वाटा, पातळ वरणात किंवा लापशीत कालवा. बाळ ठणठणीत असेल अशा दिवशी, सकाळच्या वेळी चमच्याच्या टोकावर चाटवा आणि दोन तास लक्ष ठेवा. मानवलं तर आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा, मध्येच सोडू नका. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नको. त्याचा ॲलर्जीशी संबंध नाही, तो श्वासनळीत अडकतो.