शिकारीची पूर्वतयारी

हिमालयाच्या कुशीतील कुमाऊँ हा डोंगराळ प्रदेश आज उत्तराखंड राज्यात मोडतो. १९०७ साली तेथे एका नरभक्षक वाघिणीने हाहाकार माजविला होता. नेपाळात दोनशे माणसे मारून ती इकडे आली होती, आणि चार वर्षांत कुमाऊँमधील २३४ माणसे तिने बळी घेतली होती. सरकारने बक्षिसे लावली, शिकारी नेमले, सैनिकही धाडले. परंतु सारे व्यर्थ गेले. अखेर नैनितालच्या डेप्युटी कमिशनरांनी जिम कॉर्बेट यांना गळ घातली.

कॉर्बेट नैनितालमध्येच जन्मलेले. रानाशी त्यांची लहानपणापासून ओळख. तरीही त्यांनी प्रथम दोन अटी घातल्या. जाहीर झालेली बक्षिसे रद्द करावीत, आणि रानात फिरणारे इतर शिकारी व सैनिक परत बोलवावेत. बक्षिसासाठी शिकार करणाऱ्यांत आपली गणना व्हावी, हे त्यांना रुचत नव्हते. शिवाय झुडपाआडून कोणाची तरी चुकार गोळी लागून मरण्याचीही त्यांना हौस नव्हती! दोन्ही अटी मान्य झाल्या. सामान वाहण्यासाठी सहा माणसे ठरवून ते वार्तेची वाट पाहत राहिले.

आठवड्याभराने पाली गावी एक स्त्री बळी पडल्याचे कळले. कॉर्बेट तत्काळ निघाले. पहिल्याच दिवशी त्यांनी सतरा मैलांची चाल केली. तिसऱ्या दिवशी सायंकाळी ते पालीस पोहोचले, तेव्हा ऊन असूनही गावातील एकूण एक दार बंद होते. पाच दिवस कोणी उंबरठा ओलांडला नव्हता. कॉर्बेट यांच्या माणसांनी अंगणात शेकोटी पेटविली, तेव्हा कोठे एकेक दार किलकिले झाले.

ती रात्र कॉर्बेट यांनी रस्त्याकाठी झाडाला पाठ टेकून काढली. थंडीने आणि भीतीने आपले दात वाजत होते, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. असे कबूल करणारा शिकारी विरळाच. सकाळी त्यांची माणसे आली, तेव्हा ते गाढ झोपलेले आढळले.

खरी अडचण पुढेच होती. वाघिणीचा माग दाखविण्यास रान जाणणारी माणसे हवी होती, आणि रानात पाऊल टाकण्यास कोणी धजत नव्हते. गहू पिकून शेतात उभा होता. तो हाती न आला तर उपासमार ठरलेली. कॉर्बेट रायफल घेऊन पहाऱ्यास उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत पाच मोठ्या शेतांची कापणी झाली. तेवढ्याने लोक घराबाहेर पडू लागले. पण रानाची वाट दाखविण्याइतका धीर त्यांना अजून आला नव्हता. मग कॉर्बेट काही जणांना घेऊन मोकळ्या डोंगरउतारावर गेले. तेथे त्यांनी दूरच्या कड्यावरील तीन घुरल, म्हणजे शेळीसारखे डोंगरी प्राणी, टिपले. ते उतारावरून गडगडत आले. गावाला मांस मिळाले, आणि या पाहुण्याचा नेम लोकांनी डोळ्यांनी पाहिला. मग ती स्त्री जेथे मारली गेली, ती जागा दाखविण्यास सारेच पुढे सरसावले.

वाघीण पालीस सापडली नाही. तिचा माग चंपावतला लागला. तेथे तहसीलदारांनी हाकाऱ्यासाठी बोलाविलेली २९८ माणसे जमली आणि त्या हाकाऱ्यातच ती मारली गेली. तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले होते. कोणाच्या तरी जुन्या गोळीने ती जायबंदी झाली होती. त्यामुळे रानातील नेहमीचे भक्ष्य मारणे तिला जमेनासे झाले होते.