जोर गळतो कुठे, ते आधी बघ

पोरी, ऑल्टो घेतलीस ते झकास केलंस. २०१५ची, एका मालकाची, ठोकलेली नाही. कराड-चिपळूण ये-जा करणाऱ्या माणसाला याहून शहाणी गाडी मिळणं अवघड. तू विचारतेस, कुंभार्ली घाटात गाडी ओढत नाही, कमी पैशात पिकअप वाढवता येईल का? येईल. पण बाजारात ‘पिकअप वाढवणारं’ म्हणून जे विकतात, त्यातलं फारसं काही मी तुला घेऊ देणार नाही.

तुझं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. नवं असताना त्याची ताकद ४७-४८ हॉर्सपॉवर, तीही ६,००० आरपीएमला. टॉर्क ६९ न्यूटन मीटर, ३,५०० आरपीएमला. गाडी सातशे किलोच्या आसपास. एवढ्या हलक्या गाडीला एवढी ताकद घाट चढायला पुरते. दहा वर्षांनी ती सगळी चाकापर्यंत पोचते का, हा खरा प्रश्न आहे. उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजात ‘गाडीत दम नाही’ म्हणून येणाऱ्या बहुतेक गाड्यांचं इंजिन ठणठणीत असायचं. जोर वाटेतच कुठंतरी गळायचा.

तेव्हा पहिलं काम फुकटातलं. रविवारी सकाळी सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रल कर, हँडब्रेक सोड, ब्रेकपाशी कुणाला तरी बसव आणि मागून एकटीनं ढकल. एकदा हलली की ऑल्टो हलक्या हातानं चालत राहायला पाहिजे. तू हात काढल्याबरोबर ती जागच्या जागी उभी राहिली, तर ब्रेक धरतोय असं समज. मग दहा-बारा किलोमीटर चालवून ये, शेवटी ब्रेक फारसा न लावता गाडी आपोआप थांबू दे, आणि उतरून प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हाताची मागची बाजू ने. टेकवू नकोस, नुसती जवळ ने. तीन चाकं कोमट आणि एक तापलेलं असलं की चोर सापडला. पुढच्या चाकाला कॅलिपरच्या पिना कोरड्या पडून गंजतात. मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर अडकतो, नाहीतर कुणीतरी हँडब्रेकची केबल नको इतकी ताणून ठेवलेली असते. कोकणातल्या पावसाळ्यात राहिलेल्या गाडीला हे हमखास होतं. पिना काढून, घासून, ब्रेकचंच ग्रीस लावून बसवायच्या. साधं ग्रीस लावू देऊ नकोस, त्यानं रबर फुगतं. या कामाची मजुरी फार नाही, आणि गाडी बदलल्यासारखी वाटते. अॅव्हरेजही वाढतं.

दुसरी तपासणी क्लचची. मोकळ्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर एकदम दाब. इंजिनाचा आवाज वर गेला आणि वेग तिथंच राहिला, तर क्लचप्लेट घसरतेय. जुन्या मालकाला क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असली की हे होतंच. तू ती सवय लावून घेऊ नकोस.

मग प्लग, एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीची सफाई. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदा मोजून घे. आकडा किती आला यापेक्षा तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, ते बघायचं. एक सिलिंडर मागे असेल तर आधी त्याचं कारण शोध, बाकी सगळा खर्च थांबव.

एअर फिल्टरवर थोडं सांगतो, कारण तुझे मित्र तुला उघडा कोन फिल्टर बसवायला सांगणार. आवाज येतो, म्हणून जोर आल्यासारखं वाटतं. कंपनीचा डबा पुढून, बाहेरची गार हवा ओढतो. कोन फिल्टर बॉनेटखालची, इंजिनानं तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ असते, तिच्यात ऑक्सिजन कमी; म्हणजे पैसे देऊन ताकद घालवायची. आणि ऊसतोडीच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर जी धूळ उडते, ती अशा फिल्टरमधून आत गेली की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर दोन्ही खाते. कंपनीचा कागदी फिल्टर काही शेकड्यांत मिळतो. तो वेळेवर बदल. धुळीचा रस्ता रोजचा असेल तर पुस्तकात लिहिलंय त्याच्याही आधी.

आता खर्चाच्या गोष्टी. पहिला पैसा टायरवर घाल. इंजिन कितीही ओढू दे, ब्रेक कितीही धरू दे, गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या रबरावर. तुझ्या गाडीला १४५/८० आर १२ टायर आहेत. म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे ११६, आणि रिम १२ इंची. दोन्ही बाजूंच्या भिंती २३२, रिम ३०५. चाकाची एकूण उंची सुमारे ५३७ मिलिमीटर. हा आकडा वहीत लिहून ठेव, कारण टायरवाला तुला १४ इंची रिम दाखवणार आहे. १६५/६५ आर १४ बसवलंस तर उंची होते ५७०. सहा टक्के उंच चाक म्हणजे प्रत्येक गिअर सहा टक्के लांब, आणि घाटात गाडी आणखीनच मरगळणार. वर वळताना टायर मडगार्डला घासणार आणि मीटरचा काटा खऱ्या वेगाच्या मागे राहणार.

बदलायचंच असेल तर १५५/६५ आर १३ घे. त्याची उंची ५३२, फरक एक टक्क्याच्याही आत. ऑल्टो के-टेनला कंपनीनं हाच साइझ दिला होता. भिंत बुटकी, रबर थोडं रुंद; वळणावर गाडी लोळत नाही, स्टिअरिंगला लगेच उत्तर देते. के-टेनच्या जुन्या लोखंडी रिमा मिळाल्या तर त्याच घे; बोल्टचं माप जुळतं का, हे मात्र आधी चाक लावून बघ. स्वस्तातल्या अलॉयच्या नादी लागू नकोस. अलॉय हलकं असतं असा समज आहे, पण हलक्या दर्जाचं अलॉय लोखंडी रिमपेक्षा जड निघतं, आणि खड्ड्यात गेलं की वाकण्याऐवजी तडकतं. फिरणारं वजन इंजिनाला दुहेरी पडतं, कारण ते पुढंही न्यायचं आणि गरगर फिरवायचंही. आणि साइझ बदललास तर विमा कंपनीला कळव.

दुसरा पैसा ब्रेकवर. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं, आणि पाणी शिरलं की त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ३ कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, ओलं झालं की १४० पर्यंत उतरतं. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. कुंभार्ली उतरताना सारखा ब्रेक दाबत राहिलीस तर जुनं ऑईल आत उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ होऊन तळाला जातं. म्हणून दर दोन वर्षांनी सगळं ऑईल काढून नवं भर. डॉट ४ भरलंस तरी चालतं, दोन्ही एकाच जातीची आहेत. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर.

तिसरा पैसा शॉकअप आणि लोअर आर्मच्या बुशांवर. हे गेलेले असले की वळणावर तुला भीती वाटते, तू नको तिथं वेग सोडतेस, आणि चढावर पुन्हा शून्यापासून ओढावं लागतं. वळणातून स्थिर निघालेल्या गाडीला पुढचा चढ अर्धा झालेला असतो. घाटात ‘पिकअप नाही’ म्हणतात त्यातलं निम्मं दुखणं इथलं असतं, असं माझं मत आहे.

वजनाचं बोलतो. सातशे किलोच्या गाडीत सत्तर किलोचा माणूस बसला की वजन दहा टक्क्यांनी वाढलं. तुझ्या डिक्कीत जुन्या मालकाचा स्पीकरचा लाकडी खोका आहे, तो काढून टाक. छतावरचं कॅरियरही काढ. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. पुढचा लोखंडी गार्ड तर काढायलाच हवा, तो बेकायदाही आहे. वजन उतरवलं की काय होतं ते तुला सांगतो. श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर फॉर्म्युला मारुती नावाच्या गाड्या पळायच्या. इंजिन मारुती ८००चं, तेच ७९६ सीसी. फक्त सभोवती सांगाडा, चार चाकं आणि एक सीट. २००५मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन आपली पहिली शर्यत याच गाडीत पळला. तुला गाडीतल्या सीटा काढायला सांगत नाही, पण खोका तरी काढ.

सायलेन्सर बदलू नकोस. रिकामा सायलेन्सर फक्त बोंबलतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलास तर पीयूसी गेली, आणि धूर आपल्याच गावातल्या पोरांच्या छातीत जाणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाहीत. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. दंड प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत आहे, कैदेचीही तरतूद आहे. कॉम्प्युटर रिमॅप टर्बो गाड्यांना मानवतो. बिनटर्बोच्या छोट्या पेट्रोल इंजिनातून त्यानं चार-दोन टक्के निघतात, त्यासाठी एवढा खर्च करणं मला पटत नाही. डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये खोचायच्या त्या ‘पॉवर’ डब्या तर शुद्ध फसवणूक. ज्यांनी उघडून पाहिल्या त्यांना आत लुकलुकणारे दिवे सापडले.

महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोलही नको. ऑक्टेन म्हणजे ठोके न देण्याची क्षमता. तुझं इंजिन मुळात ठोके देत नसेल तर वरचे पैसे वाया. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी, त्यामुळे अॅव्हरेज थोडं उतरलं तर घाबरू नकोस. तुझी गाडी या पेट्रोलसाठी बनवलेली नाही, म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप दर सर्व्हिसिंगला हातानं दाबून बघायला सांग. भेगा दिसल्या किंवा वास आला की त्याच दिवशी बदल.

दिव्यांचं एवढंच, की पांढऱ्या झगमगाटाचे एलईडी नकोत, समोरच्याला आंधळं करतात. काचा पॉलिश कर आणि रिले लाव. बल्बला पुरतं व्होल्टेज मिळालं की कंपनीचेच दिवे पुरतात.

आणि चालवणं. टॉर्क ३,५०० आरपीएमला आहे हे लक्षात ठेव. तिसऱ्यात गुडगुड करत चढवू नकोस, वळणाच्या आधीच दुसरा टाक आणि इंजिनाला गाऊ दे. एसटीला ओलांडायचं असेल तर आधी एसी बंद कर. एवढ्या छोट्या इंजिनाला कॉम्प्रेसरचा बोजा चांगलाच जाणवतो. समोरचा रस्ता पूर्ण दिसत नसेल तर एसटीच्या मागेच राहा, तिला घाट तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

एवढं सगळं करूनही मन भरलं नाही, तर इंजिन बदलण्याच्या खटपटीत पडू नकोस. ही विक आणि के-टेन घे. ९९८ सीसी, ६७ हॉर्सपॉवर, ९० न्यूटन मीटर. कंपनीनंच केलेला बदल, आरसी बुकात नोंदलेला. पण आधी हे करून एक पावसाळा काढ.

टायर घ्यायला जाशील तेव्हा भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाच. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १८२५ म्हणजे २०२५चा अठरावा आठवडा. दोन वर्षांहून जुना निघाला तर दुकानदार कितीही सूट देऊ दे, दुसरा मागून घे. चारही टायरांचे शिक्के मला फोनवर वाचून दाखव, मग पैसे दे.