खाणीचा रस्ता आणि पावसाचे पाणी

खनिज खोदून काढावयाचे तर आधी यंत्रे डोंगरावर न्यावी लागतात, आणि खोदलेले खनिज पुढे खाली आणावे लागते. म्हणून खाणीचे पहिले काम रस्ता बांधणे हेच असते. आणि खाण बंद झाल्यावर मागे उरणाऱ्या गोष्टींतही रस्ता असतोच. हा रस्ता कसा बांधावा, त्यावरील पाण्याला वाट कशी द्यावी आणि काम संपल्यावर ती जमीन पूर्ववत कशी करावी, याचा विचार आपण या पाठात करू.

उदाहरणासाठी गोव्याचा लोहखनिजाचा पट्टा घेऊ. सत्तरी, डिचोली, सांगे या भागांत सह्याद्रीच्या पायथ्याच्या टेकड्यांमध्ये उघड्या खाणी आहेत. तेथील खनिज मालमोटारींतून मांडवी व जुवारी या नद्यांच्या धक्क्यांवर येते आणि तेथून बार्जमधून बंदराकडे जाते. टेकडीवर खाण, तिच्या पायथ्याशी ओढा आणि ओढ्याकाठी भातशेती, अशी येथील रचना पुष्कळ ठिकाणी आढळते. वर रस्ता बांधताना झालेल्या चुकीची किंमत खाली शेतकऱ्यास द्यावी लागते, ती यामुळेच.

रस्त्याची आखणी

भरलेली अवजड गाडी सुरक्षित चढावी व उतरावी यासाठी रस्त्याचा चढ साधारणतः १६ मीटर अंतरात १ मीटर, याहून अधिक ठेवीत नाहीत. म्हणजे १०० मीटर उंच टेकडीवर जाण्यास निदान १,६०० मीटर लांबीचा रस्ता हवा. तो वळणे घेत टेकडीच्या अंगावरून न्यावा लागतो. त्यासाठी डोंगराकडील बाजू कापतात आणि निघालेली माती दरीकडील बाजूस भरतात. ही भर थराथराने घालून प्रत्येक थर रोलरने दाबला पाहिजे. माती नुसतीच ढकलून दिली तर पावसाळ्यात ती भिजून खाली सरकते. गोव्यात तर कठीण जांभ्याच्या थराखाली पुष्कळदा मऊ, चिकण मातीसारखा थर असतो. वरचे कवच एकदा कापले की हा थर उघडा पडतो.

दरीच्या कडेने चाकाच्या निम्म्या उंचीइतका तरी मातीचा वरंबा घालतात. तो गाडीला अडवितो, पण त्याचबरोबर पाण्यालाही अडवितो. म्हणून रस्त्याचा पृष्ठभाग डोंगराकडे शेकडा २ ते ४ इतका कलता ठेवून पाणी आतल्या चरात घेतात, आणि ठराविक अंतरावर रस्त्याखालून मोऱ्या काढतात. चढ जितका अधिक, तितक्या मोऱ्या जवळजवळ हव्यात.

पाण्याचा हिशेब

मोऱ्या जवळजवळ का हव्यात, हे समजण्यास थोडे गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. रस्ता १ किलोमीटर लांब व १० मीटर रुंद असेल, तर त्याचे क्षेत्रफळ १०,००० चौरस मीटर होते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर या एका रस्त्यावरच १० लाख लिटर पाणी पडते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस होतो, आणि तो बहुतेक चारच महिन्यांत. जंगलातील जमीन यांतील बराच भाग शोषून घेते. दाबलेला रस्ता जवळजवळ काहीच शोषीत नाही.

पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याच्या रेट्याने ढकलल्या जाणाऱ्या दगडाचे वजन सुमारे ६४ पट होते. लांब चर असला म्हणजे पाणी साचत जाते, वेग वाढतो आणि चराची घळ होते. पाणी थोडे असतानाच त्याला बाहेर काढणे, हे मोरीचे काम आहे. मोरीच्या तोंडाशी दगडांची रास घालून त्याचा वेगही मोडला पाहिजे.

गाळ बसविणे

मोरीतून निघालेले लाल पाणी थेट ओढ्यात सोडता कामा नये. ते आधी तळ्यात स्थिर करावे. बारीक वाळूचा ०.१ मिलिमीटर व्यासाचा कण स्थिर पाण्यात १ मीटर खाली जाण्यास सुमारे दोन मिनिटे घेतो. चिकण मातीच्या ०.००२ मिलिमीटर व्यासाच्या कणास त्याच अंतरासाठी तीन दिवसांहून अधिक काळ लागतो. यावरून दिसेल की लहानसे तळे वाळू अडविते, चिकण माती अडवू शकत नाही. शेतावर लाल थर बसतो तो प्रामुख्याने या सूक्ष्म कणांचा. काचेच्या बरणीत पाणी व माती ढवळून ठेवल्यास हा फरक शाळेतही पाहता येईल. म्हणून माती मुळात सुटूच न देणे, हाच खरा उपाय होय. तळ्यातील गाळही पावसाळ्यापूर्वी उपसला पाहिजे.

रस्ता जमिनीला परत देणे

काम संपल्यावर रस्त्यावर रोपे लावली म्हणजे झाले, असा समज आहे. तो बरोबर नाही. दाबलेल्या जमिनीत मूळ शिरत नाही व पाणीही मुरत नाही. प्रथम ती यंत्राने खोल नांगरावी. मग मोऱ्या काढून जुने ओहोळ मोकळे करावेत, ढकललेली भर ओढून घेऊन उतार मूळच्यासारखा करावा, आणि आडवे बांध घालावेत. प्रारंभी बाजूस काढून ठेवलेली वरची सुपीक माती यानंतर पसरावी. ती फार उंच ढिगात ठेवलेली नसावी. तशा ढिगात आतील सूक्ष्मजीव व बीजे मरतात. शेवटी वाळ्यासारखे घट्ट मुळांचे गवत व स्थानिक वृक्ष लावावेत.

गोव्यातील खाणकाम २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे थांबले. खाण अशी कोणत्याही दिवशी थांबू शकते. पाऊस मात्र थांबत नाही. चर साफ करणारे हात नाहीसे झाले की दोनतीन पावसाळ्यांत रस्त्याचाच ओढा होतो. म्हणून परतफेडीची योजना आणि तिचा खर्च हा रस्त्याच्या पहिल्या आराखड्यातच असला पाहिजे. रस्ता खाणीपुरता असतो. त्याखालची जमीन आणि पायथ्याचे शेत यांना पुढेही पिके द्यावयाची असतात.