कार्बन रोड बाइक विकताय? आधी माप घ्या

व्हिडिओत राहिलेला मुद्दा. नवा दुकानदार कार्बन बाइक वजनावर विकतो. अहो, यूसीआयच्या शर्यतीत ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालतच नाही! गिऱ्हाइकाला आधी विचारा, रोज किती चालवता, पाठ दुखते का. मग स्टॅक आणि रीच बघा, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतचं उभं आणि आडवं अंतर. एका कंपनीची ५४ दुसरीच्या ५४ सारखी बसेलच असं नाही. स्टेम बदलून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर जुळतं, चुकीची फ्रेम जुळत नाही. ओळखीच्या एकाने पडून राहिलेली ५६ अशीच खपवली. गिऱ्हाइकाची मान धरली, सायकल परत आली, दीड लाख अडकले. साइज नसेल तर सरळ सांगा, आगाऊ रक्कम घेऊन मागवून द्या.