बोर्ड काळा पडलाय म्हणे

अंबाजोगाई,
दि. १२ मे २०२६

चि. सौ. रेखास,


परवा आपला गोरख तेलगावहून आला. तुझ्याकडं चहा झाला म्हणाला, बाळ अंगानं भरलंय म्हणाला आणि जेवता जेवता सहज बोलून गेला, "आबा, ताईनं चाकाचा एसी घेतलाय. गार वाटतं. फक्त बोर्ड जरा काळा पडलाय, वास बी येतो." त्याला ते 'जरा' वाटलं. माझा घास हातातच राहिला. फोन करणार होतो, पण फोनवर तू "हो मामा, हो मामा" करतेस आणि ठेवून देतेस. म्हणून लिहितोय. नीट वाच.

बोर्ड काळा पडला म्हणजे आत तार जळतीय. उद्या जळेल असं नव्हे, आजच जळतीय. एक टनाचा असला एसी हजार-बाराशे वॅट खातो, तेही तासन्‌तास. संध्याकाळी गावभर व्होल्टेज डिम झालं की कॉम्प्रेसर आणखी करंट ओढतो. तू तो लावलास पंख्या-मोबाईलच्या सहा अँपिअरच्या बोर्डात, त्यावर बाजारातली बारीक वायरची एक्स्टेन्शन, आणि गोरख म्हणतो, तो जुना पत्र्याचा कूलरही तिथंच. अगं, वायरमनची भाची ना तू? एसीला सोळा अँपिअरचा प्लग लागतो, मीटरपासून वेगळी जाड तार आणि तिची स्वतःची एमसीबी.

आणि अर्थिंग? सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात तार आहे का, कुणी उघडून बघितलंय? भाड्याच्या खोल्यांत ते भोक पुष्कळदा नुसतं शोभेला असतं. मराठवाड्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी नाही असा उन्हाळा मला आठवत नाही. पाणी भरायला जातात, पंप चालूच, पाय ओले, कूलरचं अंग लोखंडी. कूलरमध्ये पाणी भरताना पिन काढायची, बटन बंद करून भागत नाही. हे तुला लहानपणी शिकवलंय, पण जावईबापूंना कुणी शिकवलं असेल?

एसीचा पाइप स्वयंपाकघरात सोडलाय, हे ऐकून तर हसावं की रडावं कळेना. खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकायची, एवढंच त्या यंत्राचं काम. ती चुलीपाशी फेकलीस तर भाकरी थापताना तूच भाजून निघणार आणि दारातून तीच हवा पुन्हा बाळापाशी. पाइप खिडकीबाहेर काढ, आखूड आणि सरळ ठेव, उरलेली फट पुठ्ठ्यानं बुजव. तरी भिंतीतल्या एसीएवढं गार होणार नाही, हे मनाशी धर. एका पाइपाचा एसी खोलीतलीच हवा बाहेर टाकतो, मग तेवढीच गरम हवा पत्र्याच्या फटीतून आत येते. त्यापेक्षा आधी पत्र्यावर पांढरा चुना मारून घ्या. पूर्वी वर उसाचं पाचट टाकायचे, ते मात्र नको. एक ठिणगी पुरते.

विहीणबाई बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा-वावडिंगाची धुरी देतात ना? त्यांचा मान ठेवून सांग, एसीसाठी दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत निखाऱ्याची शेगडी नको म्हणजे नको. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग ना वास, झोपेतच माणूस जातो. डॉक्टर तर धुरीच नको म्हणतात, पण ते तुमचं तुम्ही बघा.

रागावलो. तू चैनीसाठी घेतला नाहीस हे मला कळतं. बाहेर बेचाळीस डिग्री, डोक्यावर पत्रा, पाच महिन्यांचं लेकरू, आणि घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, म्हणून चाकाचा. कूलरला पाणी कुठून आणायचं हाही प्रश्नच. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, परळीचं थर्मल वीजकेंद्र पाण्यावाचून बंद होतं, त्या उन्हाळ्यात कूलरमध्ये घागर ओतायला हात धजत नव्हता. एसी निदान पाणी तरी पीत नाही.

तुझ्या आजीला उन्हाळा सोसायचा नाही. मी पंचविशीचा, वीज बोर्डात नवा. गावोगाव खांब उभे करत हिंडायचो, पहिला बल्ब पेटला की लोक नारळ फोडायचे, माझ्या शर्टावर गुलाल. आणि आमच्या घरी तुझी आई, शाळकरी पोर, आजीच्या खाटेपाशी बसून सुपानं वारा घालायची. पंखा माझ्या पगाराबाहेरचा नव्हता. मी घेतला रेडिओ. आजी म्हणायची, "वाजव बाबा, बरं वाटतं." पंखा आला तेव्हा ती नव्हती. तुझी आई अजून कधी बोलून दाखवत नाही, याचंच जास्त लागतं. म्हणून तू बाळासाठी गारवा विकत आणलास, याला माझी ना नाही. उलट बरं केलंस. फक्त तो बोर्ड.

मालक म्हणेल, अर्थिंग आहे. असेलही. पण आपली काळी जमीन मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते, मग कोळसा-मीठ घातलेलं असूनही उपयोग नाही. खड्डा सापडला तर रोज बादलीभर पाणी ओत, कपडे धुतलेलं चालेल.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. तोवर एसी बंद. दुपारी बाळाला घेऊन मालकिणीच्या स्लॅबच्या खोलीत बस, त्या नाही म्हणणार नाहीत. तार, प्लग, एमसीबी मी आणतो, पैशाचं बोलायचं नाही. त्याच दिवशी अधिक महिना लागतोय, जावयाला वाण द्यायचंच असतं. अनारशांबरोबर तारेचं बंडल दिलं तर कुठं बिघडलं? मामीनं जुन्या लुगड्याची मऊ दुपटी शिवून ठेवलीत. बाळाच्या मानेला घामोळं आलंय म्हणे, त्याला पावडर थापू नकोस, सुती झबलं घाल आणि मान कोरडी ठेव. तू स्वतः पाणी पितेस ना? अंगावर पाजणाऱ्या बाईनं उन्हाळ्यात तहान लागायची वाट बघू नये. जेवायला काही खास करू नकोस, पिठलं-भाकरी पुरे.

तुझा,
मामा

ता. क. जावईबापूंना हे पत्र दाखवू नकोस, त्यांना उगीच लागेल. मामा नातवाला बघायला येतायत एवढंच सांग. ते काही खोटं नाही.